कुणाला उठवू?

(लीड्समधील मराठी मंडळींच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर उन्हाळ्यात जमतो, त्यांचं नाव पत्रिकेवर छापायचं नाही अशी काकूंची अट आहे. "पाटी दवाखान्यावर शोभते, माणूस गेल्यावर कशाला?" असं काका म्हणत, आणि काकू त्यांचं ऐकतात. निदान आता तरी ऐकतात. म्हणून मीही नुसतं 'काका' म्हणणार आहे. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना कोण काका ते सांगावं लागणार नाही.

यंदाचा विषय कमिटीने निवडला नाही, त्या मागच्या रांगेतल्या तिघांनी निवडला. आपल्याच घरांतली ही मुलं. ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी तिघंही डॉक्टर म्हणून वॉर्डात उभी राहणार. मी त्यांना विचारलं, कशाची भीती वाटते? वाटलं, म्हणतील हार्ट अटॅकची, रक्तस्रावाची. तर मुलगी म्हणाली, "रात्री कुणाला उठवायचं आणि कधी, याची." मला दुसरा विषय शोधावा लागला नाही.

या पहिल्या बुधवाराची इथे बरीच कुप्रसिद्धी आहे. देशभरातले शिकाऊ डॉक्टर त्या एकाच दिवशी जागा बदलतात, आणि नुकते पास झालेले त्याच दिवशी कामाला लागतात. आजारी पडायचं असेल तर जुलैत पडावं, हा हॉस्पिटलांतला जुना विनोद. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी 2009 मध्ये तो आकड्यांत तपासला. 2000 ते 2008 या काळात इंग्लंडमध्ये तातडीने दाखल झालेले सुमारे 3 लाख रुग्ण त्यांनी घेतले आणि जुलैच्या शेवटच्या बुधवारचे व ऑगस्टच्या पहिल्या बुधवारचे शेजारीशेजारी ठेवले. वय, आजार वगैरेंचा हिशेब धरल्यावर ऑगस्टवाल्यांच्या मृत्यूची शक्यता सुमारे 6 टक्क्यांनी जास्त निघाली. हे नव्या मुलांमुळेच झालं, असा दावा त्यांनी केला नाही. पण 2012 पासून नव्या डॉक्टरांनी आधी किमान चार दिवस पगारी उमेदवारी करायची, जुन्या माणसाच्या मागे मागे हिंडायचं, असा नियम आला. चार दिवस! आपल्याकडे न्हाव्याच्या दुकानातला पोऱ्यासुद्धा वस्तरा हातात मिळायच्या आधी वर्षभर साबण फेसाळतो.

आपल्या गावाबद्दल एक गोष्ट सांगून मग पुढे जातो. ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरची लीड्स जनरल इन्फर्मरीची जुनी लाल इमारत तुम्ही रोज पाहता. ती सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आखली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेऊन, आणि 1869 मध्ये ती उघडली. त्याच साली मुंबईत एका बुरुजाचा पाया घातला गेला. तो राजाबाई टॉवर. आराखडा याच स्कॉटसाहेबांचा. मुंबई त्यांनी कधी पाहिली नाही. मुंबई विद्यापीठाची पदवी हातात घेऊन या इन्फर्मरीच्या दारात उभ्या राहिलेल्या आमच्या पिढीतल्या अनेकांना त्या कमानी ओळखीच्या का वाटल्या, याचं उत्तर काकांनी मला दिलं होतं. आत गेल्यावर ओळखीचं काही नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

पदवी हाती आली म्हणजे माणूस डॉक्टर झाला का, हा प्रश्न इंग्रजांनी शोधला नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात दोन अध्याय पाठोपाठ येतात. नववा 'योग्यासूत्रीय', म्हणजे हाताला सवय लावण्याचा. छेद घ्यायला भोपळ्या-कलिंगडासारखी फळं घ्या, शीर उघडायला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ घ्या, असं त्यात सांगितलं आहे. त्यानंतरचा दहावा 'विशिखानुप्रवेशनीय'. विशिखा म्हणजे रस्ता. शास्त्र वाचलं, अर्थ समजून घेतला, कर्म पाहिलं, स्वतः हाताने केलं, आणि राजाची अनुज्ञा मिळवली, की मग वैद्याने रस्त्यावर पाऊल टाकावं. नखं आणि केस कापलेले, कपडे स्वच्छ पांढरे. इथे 2007 साली सरकारने फर्मान काढलं की वॉर्डात कोपराखाली काही नको, घड्याळ नको, लांब बाही नको, तेव्हा काका हसून म्हणाले होते, सुश्रुत आला वाटतं.

राजाची अनुज्ञा इथे जनरल मेडिकल कौन्सिल देते. कौन्सिल 1858 च्या कायद्याने जन्मली, तरी पुढची जवळजवळ शंभर वर्षं परीक्षा पास होताच माणूस थेट स्वतःचा दवाखाना थाटू शकत असे. 1950 च्या कायद्याने, 1953 पासून, एक वर्ष हॉस्पिटलात काढल्याशिवाय पूर्ण नोंदणी नाही असं ठरलं. ते वर्ष काढणारा तो हाउस ऑफिसर. हाउस म्हणजे हॉस्पिटल, आणि तो खरोखरच तिथे राहायचा. झोपायचं कमी, राहायचं जास्त. 2005 च्या ऑगस्टमध्ये त्या जागी दोन वर्षांचा फाउंडेशन प्रोग्रॅम आला. पहिलं वर्ष तात्पुरत्या नोंदणीचं, ते नीट पार पडलं तर पूर्ण नोंदणी, मग दुसरं. साधारण चार-चार महिन्यांच्या फेऱ्या. पोरं त्याला एफ-वन, एफ-टू म्हणतात. 2024 च्या सप्टेंबरपासून 'ज्युनियर डॉक्टर' हा शब्द जाऊन 'रेसिडेंट डॉक्टर' हा अधिकृत शब्द झाला. 'मार्ड' या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या संपाच्या बातम्या वाचत मोठे झालेल्या आम्हाला त्यात नवल वाटलं नाही, महाराष्ट्रात निवासी डॉक्टर कधीपासून आहेतच.

आता मानकं, निकष. ही मुलं मला त्यांचं ई-पोर्टफोलिओ दाखवतात तेव्हा मला आयकर विवरणपत्राची आठवण होते. तेरा क्षमता, प्रत्येकीला पुरावा जोडायचा. सिस्टर, फार्मासिस्ट, वॉर्ड क्लार्क अशा दहा-पंधरा जणांकडून स्वतःच्या वागण्याबद्दल मत मागवायचं. वर्षअखेरीला समिती सगळं तपासणार. यातला बराचसा भाग कारकुनी आहे असं माझं मत आहे, आणि मी स्वतः अशा समित्यांवर बसलेला आहे, तेव्हा ते फुकटचं मत नाही. वॉर्ड क्लार्ककडून मत मागवायची कल्पना मात्र मला मनापासून आवडते. डॉक्टर माणूस म्हणून कसा आहे हे तिच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

या सगळ्या कागदांच्या मुळाशी 'गुड मेडिकल प्रॅक्टिस' नावाची एक पातळ पुस्तिका आहे. पहिली आवृत्ती 1995 ची, आताची 2024 च्या जानेवारीअखेर लागू झाली. तिच्याआधी निळ्या मुखपृष्ठाची एक पुस्तिका होती, तिच्यात डॉक्टरने काय केलं तर त्याची चौकशी होईल ते दिलेलं असे. थोडक्यात, शाळेच्या भिंतीवरची 'येथे थुंकू नये' छापाची पाटी. 1995 मध्ये पहिल्यांदा काय करावं ते लिहिलं. आताच्या आवृत्तीत दोन क्रियापदं काटेकोरपणे वेगळी ठेवली आहेत. आपल्या मराठीत 'करावं' या विध्यर्थात आज्ञाही बसते, सल्लाही, आशीर्वादही. तिथे तसं नाही. एक शब्द 'केलंच पाहिजे' साठी, दुसरा 'करावं, पण प्रत्येक प्रसंगी लागू होईलच असं नाही' यासाठी. स्वतःच्या कुवतीची सीमा ओळखून तिच्या आतच काम करणं हे पहिल्या गटात आहे. सीमा ओळखण्याची अपेक्षा तर अगदी पहिल्या आवृत्तीपासून आहे.

वाचायला सोपं. मी मराठी माणूस म्हणून सांगतो, याहून अवघड वाक्य त्या पुस्तिकेत नाही.

कारण आपण वाढतो कसे? वर्गात हात वर केला तर 'इतकं कसं समजत नाही?' मेडिकल कॉलेजात तर बोलायची सोयच नाही. माझ्या इंटर्नशिपमध्ये, कॉलेजचं नाव घेत नाही, रात्री अडीचला मी वरच्या डॉक्टरांच्या खोलीचं दार वाजवलं. दार न उघडता आतून आवाज आला, "एमबीबीएस कुणी दिली रे तुला?" मी परत गेलो आणि मला सुचलं ते केलं. रुग्ण वाचला. हीच त्यातली वाईट गोष्ट. मी त्यातून शिकलो की विचारलं नाही तरी निभतं.

तो धडा घेऊन मी इकडे आलो. बाहेरच्या डॉक्टरांसाठीची प्लॅब परीक्षा पास झालो होतो, नोंदणी मर्यादित होती. त्या काळी बाहेरच्या डॉक्टरला देखरेखीखालच्याच जागेवर काम करता येई. म्हणजे विचारणं हा माझा हक्क तर होताच, कायद्याने माझी अटही होती. पहिल्या हिवाळ्यातली एक रात्र, उत्तर इंग्लंडमधलं एक हॉस्पिटल. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या एक आजी. संध्याकाळपासून लघवी कमी, ब्लड प्रेशर हळूहळू खाली. मी सलाईन वाढवलं. तासाभराने पुन्हा वाढवलं. मग खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो, जणू माझ्या बसण्याने प्रेशर वर येणार होतं. रजिस्ट्रारचा, म्हणजे वरच्या डॉक्टरचा, ब्लीप नंबर माझ्या हातावर पेनाने लिहिलेला होता. पहाटे चारला सिस्टर आल्या, तक्ता पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही फोन करता की मी करू?" मी केला. आजींना आयसीयूत हलवलं, त्या पुढे घरी गेल्या. सकाळी रजिस्ट्रारने मला एकच गोष्ट विचारली: "तुला पहिल्यांदा काळजी वाटली तेव्हा किती वाजले होते?" दहा वाजले होते. मी साडेबारा सांगितलं. हे मी आज पहिल्यांदाच उघडपणे बोलतो आहे.

न विचारण्याचे प्रकार असतात. 2001 च्या 4 जानेवारीला नॉटिंगहॅमच्या क्वीन्स मेडिकल सेंटरमध्ये ल्युकेमियाच्या उपचारांसाठी आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला दोन इंजेक्शनं द्यायची होती. एक पाठीच्या मणक्यात, दुसरं, व्हिन्क्रिस्टिन, शिरेत. व्हिन्क्रिस्टिन मणक्यात गेलं तर माणूस सहसा वाचत नाही. सिरिंज धाकट्या डॉक्टरच्या हातात होती. औषध पुढे करणारा रजिस्ट्रार त्या जागेवर तिसऱ्याच दिवशी उभा होता. धाकट्याने विचारलं, व्हिन्क्रिस्टिन, मणक्यात? हो, म्हणून उत्तर आलं, आणि त्याने इंजेक्शन दिलं. मुलगा महिन्याभरात गेला. चौकशी अहवालात त्या धाकट्याचं म्हणणं नोंदलेलं आहे: वरिष्ठाला आव्हान देणं आपल्याला शक्य वाटलं नाही. म्हणजे त्याने विचारलं होतं! एकदा. आपण सगळे एकदा विचारतो. 'हो' आलं की आपली जबाबदारी त्या 'हो'च्या खिशात घालून मोकळे होतो. पुढे 2008 मध्ये सूचना निघाली की मोठ्या माणसांना व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमधून द्यायचंच नाही, सलाईनच्या छोट्या पिशवीतून द्यायचं. पिशवी मणक्याला कोण लावणार? माणसाच्या हिमतीवर विसंबण्यापेक्षा पिशवी बरी, असा तो शहाणपणा होता. पण प्रत्येक चुकीला पिशवी मिळत नाही.

दुसरा प्रकार लेस्टरचा. 2011 च्या 18 फेब्रुवारीला सहा वर्षांचा एक मुलगा उलट्या-जुलाबांनी बेजार होऊन तिथल्या रॉयल इन्फर्मरीत आला आणि रात्री दगावला. जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. डॉ. हदिजा बावा-गार्बा त्या दिवशी मुलांच्या विभागाचा बराच भार एकट्या वाहत होत्या. बाळंतपणाच्या रजेवरून नुकत्याच परतलेल्या. कॉम्प्युटर कित्येक तास बंद. त्या दिवसाचे कन्सल्टंट दुसऱ्या गावी शिकवायला गेलेले. ते साडेचारच्या सुमारास आले, तेव्हा डॉ. बावा-गार्बांनी त्यांना त्या मुलाच्या रक्ततपासणीचे धोक्याचे आकडे सांगितले. कन्सल्टंटांनी ते टिपून घेतले. मुलाला पाहिलं नाही, कारण पाहायला या असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. पुढचं प्रकरण तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं आहे. 2015 मध्ये मनुष्यवधाचा दोष, 2018 च्या जानेवारीत नोंदणीवरून नाव काढलं, ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने ते परत घातलं. न्याय कुणाला मिळाला यावर या सभागृहात रात्रभर भांडता येईल, आणि मुलाच्या आईवडिलांना त्या भांडणात कुठे बसवायचं ते मला कळत नाही. मी एवढंच दाखवतो: त्या दुपारी सांगणं झालं होतं, बोलावणं झालं नव्हतं. 'आकडा अमुक आहे' आणि 'तुम्ही आत्ता चला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

आपल्याला सांगायची सवय फार, आणि तीही मुळापासून. मराठी माणूस फोनवर पेशंटची गोष्ट सुरू करतो ती 'आजोबा बहात्तर वर्षांचे, पंधरा वर्षांपासून मधुमेह' इथून. समोरचा झोपेतला रजिस्ट्रार 'धाप लागली आहे' या शब्दापर्यंत पोचेपर्यंत पुन्हा पेंगतो. म्हणून ती 'एसबार'ची, चार इंग्रजी आद्याक्षरांची, चौकट. आता काय होतं आहे, मागे काय झालं, मला काय वाटतं, आणि तुम्ही काय करावं. अमेरिकी आरमाराच्या पाणबुड्यांतून ही पद्धत हॉस्पिटलांत आली. पाणबुडीत पाल्हाळाला जागा नसते. या मुलांना त्यातलं पहिलं आणि चौथं अक्षर घोकून ठेवायला मी सांगतो. चौथं तर फोन उचलण्याआधी कागदावर लिहा: 'या'. मराठीत एकाक्षरी आहे, चुकायला वाव नाही.

आणि तरीही जीभ रेटत नसेल तर आकडा आहे. श्वास, रक्तातला ऑक्सिजन, ब्लड प्रेशर, नाडी, शुद्ध, ताप, यांना गुण देऊन बेरीज करायची. पाच झाली की तातडीने कुणीतरी पाहायचं, सात झाली की आणीबाणी. 'न्यूज' म्हणतात त्याला, 2012 पासून. यातला ताप मोजायचा सुटसुटीत थर्मामीटर आपल्या लीड्सचा बरं का. इन्फर्मरीतले डॉ. क्लिफर्ड ऑलबट यांनी 1866-67 च्या सुमारास फूटभर लांब, वीस मिनिटं घेणारं ते उपकरण सहा इंचांवर आणि पाच मिनिटांवर आणलं. पुष्कळ डॉक्टर या बेरजेला नावं ठेवतात, यंत्रासारखं वैद्यक म्हणतात. मला मात्र त्या रात्री असा आकडा हवा होता. 'मला काळजी वाटते' म्हणायला मला लाज वाटत होती. 'स्कोअर सात आहे' म्हणायला कुणाला लाज वाटेल? भित्र्या माणसाला बोलण्याचा परवाना मिळतो तो असा. मानकांची खरी किंमत मला इथे दिसते, त्या तेरा क्षमतांच्या तक्त्यात नाही.

एका नावाचा उल्लेख टाळता आला असता, पण लीड्समध्ये उभं राहून तो टाळणं बरोबर नाही. स्वतःच्याच रुग्णांचे खून करणारा हॅरॉल्ड शिपमन आपल्याच मेडिकल स्कूलचा, 1970 चा पदवीधर. हाउस ऑफिसर झाला तो इथून जवळ पाँटिफ्रॅक्टला, आणि खुनांची सुरुवातही तिथेच झाली, असा निष्कर्ष 2005 च्या अहवालात न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांनी काढला. एकूण बळी अडीचशेच्या घरात. 1976 मध्ये पेथिडिनच्या खोट्या चिठ्ठ्यांबद्दल त्याला कोर्टाने दंड केला, कौन्सिलने मात्र ताकीद देऊन सोडलं. त्याची उमेदवारी कागदावर व्यवस्थित पार पडली असणार. रुग्णांमध्ये तो लोकप्रिय होता. कोणत्याही पोर्टफोलिओत तो सापडला असता असं मला वाटत नाही. धाकट्याने वर विचारावं यासाठी आम्ही चौकटी केल्या. वरच्याला खालून कुणी विचारावं यासाठीच्या अजून कच्च्याच आहेत.

तुम्हा तिघांची दुसरी भीती मला ठाऊक आहे. पोर्टफोलिओत स्वतःच्या चुकीबद्दल मोकळेपणाने लिहा म्हणतात, आणि लेस्टरनंतर सगळ्यांच्या मनात बसलं की लिहिलेलं उद्या कोर्टात निघेल. 2018 च्या सप्टेंबरमध्ये कौन्सिलने आणि रॉयल कॉलेजांनी मिळून त्यावर मार्गदर्शन काढलं. मर्म असं की घटनेची बखर लिहू नका, आपण काय शिकलो ते लिहा, आणि रुग्ण ओळखू येईल असं काही ठेवू नका. कौन्सिल चौकशीसाठी तुमची ही टिपणं मागत नाही, कोर्ट मात्र मागू शकतं. हे दोन्ही लक्षात ठेवून लिहा. न लिहिण्यापेक्षा ते बरं. मी 'साडेबारा' म्हटलं ते कुठेच लिहिलं नव्हतं, म्हणून इतकी वर्षं ते माझ्याजवळच राहिलं.

वेळ संपत आली. काकांबद्दल सांगतो आणि बसतो. आम्हा नव्या मुलांच्या पहिल्याच दिवशी ते स्वतःच्या घरचा नंबर फळ्यावर लिहीत. म्हणत, "रात्री उठवलंत म्हणून मी कधी रागावणार नाही. सकाळी कळलं तर रागावेन." आम्ही फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं: "बरं केलंस फोन केलास." मग प्रश्न. ही त्यांची थोरवी म्हणून मी कित्येक वर्षं सांगत आलो. मागच्या दिवाळीत काकूंनी मला दुरुस्त केलं. फोन त्यांच्या उशाशी असायचा, काकांची झोप गाढ. त्यामुळे आधी काकूच ऐकायच्या, आणि बारा वर्षांत इतक्या तयार झाल्या होत्या की उठवायच्या आधी विचारायच्या, "प्रेशर किती आहे रे?"

नव्वदच्या खाली सांगितलं की काकांची पांघरुणं ओढली जायची.